मुका पडदा, बोलका तंबू : विटा परिसर आणि शब्दाविना चलचित्रांचा प्रेक्षक

संवाद नसलेली हलती चित्रे आणि त्यांच्यासमोर बसलेला मराठी प्रेक्षक यांच्या संबंधाला सव्वाशे वर्षांहून अधिक काळ झाला आहे. या काळात चित्रे काचेवरून फिल्मवर, फिल्मवरून दूरदर्शन संचावर आणि तिथून मोबाइलवर आली. पडदा गप्प असला की प्रेक्षकाने त्यात आपले शब्द घालायचे, ही रीत मात्र कुठल्याच टप्प्यावर मोडली नाही. शहरांतील चित्रपटगृहांत ती हळूहळू दबली. सातारा-सांगलीच्या जत्रांत लागणाऱ्या तंबूंत ती सर्वांत मोकळेपणाने नांदली. कृष्णाकाठ आणि माणदेश यांच्या सीमेवरचे विटा हे खानापूर तालुक्याचे ठाणे याच पट्ट्यात येते. १९४९ पर्यंत हा तालुका सातारा जिल्ह्यात होता. त्या वर्षी दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे येथील प्रेक्षकाचा इतिहास दोन्ही जिल्ह्यांच्या इतिहासात विखुरलेला आहे.

हा प्रेक्षक चित्रपटापुढे कोऱ्या मनाने बसला नव्हता. विष्णुदास भावे यांनी ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ नाटकाचा प्रयोग केला. त्यांच्या नाटकांत कथा सांगण्याचे मुख्य काम सूत्रधाराकडे असे. तो पदे गाई, पात्रे त्याला अनुसरून हावभाव करीत आणि प्रसंगापुरते स्वतःच्या मनचे बोलत. दृश्य एकाकडे आणि शब्द दुसऱ्याच्या तोंडी, ही मांडणी सांगलीकरांना तेव्हापासून ओळखीची होती. कोकणात पिंगुळीच्या ठाकर समाजातील चित्रकथी एकामागून एक चित्र समोर धरून रामायण-महाभारतातील आख्याने गात असत. तिथेही चित्र मुके आणि सांगणारा बोलका. चलचित्र महाराष्ट्रात आले तेव्हा मुक्या चित्राला शब्द पुरवण्याची सवय त्याला आयती मिळाली.

चित्रपट येण्याच्या आधीच हलत्या चित्रांचा एक देशी खेळ उभा राहिला होता. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने प्रकाशदीपाचे खेळ सुरू केले. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगवलेली चित्रे दिव्याच्या प्रकाशाने मोठ्या पडद्यावर टाकली जात. एकाच पात्राच्या वेगवेगळ्या अवस्थांची चित्रे झपाट्याने बदलली की ते पात्र हालचाल करते असे भासे. पौराणिक आख्याने, सर्कस असे विषय असत आणि कथन व गाणी दिव्यामागची माणसे पुरवीत. हाताने काढलेल्या चित्रांतून हालचालीचा भास निर्माण करणे म्हणजेच अॅनिमेशन. म्हणून मराठी प्रेक्षकाची अॅनिमेशनशी पहिली ओळख चित्रपटाच्या आधीची आहे असे म्हणायला काहीच हरकत नाही. हा खेळ पटवर्धन कुटुंबाने पुढे दोन दशकांहून अधिक काळ चालवला.

मुंबईत वॉटसन हॉटेलमध्ये ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची चलचित्रे दाखवली गेली. एक रुपया तिकीट तेव्हाच्या सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे होते. त्या चित्रांना आवाज नव्हता आणि मजकुराच्या पाट्याही नव्हत्या. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचे चित्रण केले. एका मराठी माणसाने टिपलेले हे पहिले दृश्य शब्दांची गरजच नसलेले निघाले. कुस्तीचा डाव कळायला निवेदक लागत नाही. सातारा, सांगली, कोल्हापूर या कुस्तीच्या मुलखातला माणूस तर पट कुणी काढला आणि धोबीपछाड कधी बसली हे डोळ्यांनीच वाचतो, आणि वाचता वाचता मोठ्याने सांगतोही.

मुक्या चित्रपटाला एका प्रेक्षकाने दिलेला आणि सर्वांत दूरवर पोहोचलेला प्रतिसाद दादासाहेब फाळके यांचा आहे. १९१०-११ च्या सुमारास मुंबईच्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पुढे ‘नवयुग’ मासिकातील लेखांत त्यांनी तो अनुभव लिहून ठेवला. ख्रिस्ताचे प्रसंग समोरून सरकत असताना त्यांच्या मनःचक्षूंपुढे राम आणि कृष्ण, अयोध्या आणि गोकुळ उभे राहत होते. त्या पडद्यावर संवाद असते, परकी भाषा कानांवर आदळत असती, तर हा बदल इतक्या सहजपणे झाला असता का, याची शंका वाटते. मुक्या चित्रात जागा रिकामी होती आणि फाळक्यांनी ती आपल्या पुराणकथांनी भरली. भारतीय चित्रपटाचा उगम एका प्रेक्षकाच्या अशा भरीतून झाला आहे.

फाळक्यांचे पहिले चित्रीकरण पुराणकथेचे नव्हते. इंग्लंडहून १९१२ मध्ये कॅमेरा आणल्यावर त्यांनी कुंडीत वाटाण्याचे बी पेरले आणि कॅमेरा जागचा न हलवता महिनाभर रोज थोडे थोडे चित्रण केले. पडद्यावर एका मिनिटाच्या आसपास बीजातून अंकुर फुटून वेल वर चढताना दिसे. झाडाची वाढ माणसाच्या डोळ्याला कधी दिसत नाही, ती इथे दिसली. हे चित्रण त्यांनी स्नेह्यांना आणि भांडवल पुरवू शकणाऱ्यांना दाखवले, आणि यशवंतराव नाडकर्णी यांनी पैसे देण्याची तयारी दाखवली. एका मिनिटाच्या मुक्या चित्राने बसवलेला हा विश्वास पुढे ‘राजा हरिश्चंद्र’ उभा करण्यास कारणी लागला. हा चित्रपट ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला. त्याची लांबी सुमारे ३,७०० फूट होती आणि पाट्या इंग्रजी व हिंदीत होत्या.

वाटाण्याच्या वेलीमागचे तंत्र फाळक्यांनी पुढे वेगळ्या रीतीने वापरले. पहिल्या महायुद्धामुळे भांडवल आटले आणि कच्ची फिल्म मिळेनाशी झाली, तेव्हा ते छोट्या लांबीच्या चित्रांकडे वळले. १९१५ मधील ‘आगकाड्यांची मौज’ हे त्यांतले सर्वांत महत्त्वाचे. फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी १९०८ मध्ये आगकाड्या हलवून असेच एक चित्र केले होते. कृती ऐकायला सोपी आहे. काड्या मांडायच्या, एक चित्र घ्यायचे, काड्या तसूभर सरकवायच्या, पुन्हा एक चित्र घ्यायचे. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण १६ चित्रे लागत, म्हणजे एका मिनिटासाठी ९६० वेळा हात घालून काड्या नव्याने मांडाव्या लागत. एक काडी चुकून धक्का लागून हलली तर पडद्यावर ती उगाच उडी मारी.  ‘लक्ष्मीचा गालिचा’ या चित्रात नाण्यांची, तर ‘विचित्र शिल्प’मध्ये निर्जीव वस्तूंची अशीच हालचाल होती.

आगकाडीची निवड प्रेक्षकाच्या दृष्टीने नेमकी होती. भारतात त्या वेळी विकली जाणारी बहुतेक आगपेटी स्वीडन आणि जपानहून येई, आणि ती प्रत्येक घरात चुलीशेजारी असे. रोज हाताळली जाणारी काडी आपण होऊन उठते, रांग धरते, आकार घेते, हे पाहताना कथा समजून घेण्याचा प्रश्नच येत नव्हता. पौराणिक चित्रपटात पात्र ओळखावे लागे, प्रसंग आठवावा लागे. इथे फक्त काडी होती. अशी छोटी चित्रे मुख्य चित्रपटाच्या आगेमागे जोडून दाखवली जात. ‘राजा हरिश्चंद्र’च्या पहिल्या खेळांत नृत्य, विनोद आणि पायांनी कसरत करणारा खेळाडू यांचा कार्यक्रम जोडलेला होता, ‘मोहिनी भस्मासुर’बरोबर ‘पिठाचे पंजे’ हे विनोदी चित्र होते. छोटे चित्र हे मुख्य जेवणाआधीच्या चटणी-कोशिंबिरीसारखे होते. फाळक्यांनी ‘चित्रपट कसे तयार करतात’ हेही चित्र काढले आणि पडद्यामागची कृती प्रेक्षकासमोर उघड केली. चमत्कार दाखवायचा आणि तो कसा घडला हेही सांगायचे, हा शिक्षकाचा स्वभाव त्यांच्यात होता.

मूकपटाच्या काळातील प्रेक्षकांचा सर्वांत मोठा प्रतिसाद १९१७ मधील ‘लंकादहन’ला मिळाला. अण्णा साळुंके यांनी त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या होत्या. मुंबईत सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत खेळ लावावे लागले, पुण्यात आर्यन चित्रपटगृहाच्या दारांवर गर्दी कोसळली, आणि मद्रासमध्ये तिकिटांची नाणी पोलीस पहाऱ्यात बैलगाडीतून न्यावी लागली. पडद्यावर राम आला की लोक जोडे काढून हात जोडीत. ही भाबडी प्रतिक्रिया होती असे मानण्याची पद्धत आहे. ती बरोबर नाही. देवळात मूर्तीसमोर, कीर्तनात बुवांसमोर आणि दशावतारात रंगवलेल्या नटासमोर हात जोडणाऱ्या माणसाला समोरचा देह नटाचा आहे हे ठाऊक असते. नमस्कार रूपाला असतो. पडद्यापुढे त्याने तेच केले.

खानापूर तालुक्यासारख्या भागात चलचित्र पोहोचण्याचा मार्ग मुंबई-पुण्यापेक्षा निराळा होता. पुणे-मिरज रेल्वे विट्याला टाळून कराड, ताकारी, किर्लोस्करवाडी अशी कृष्णाकाठाने जाते. विट्याहून कराड चाळीसेक किलोमीटर. माणदेशाच्या बाजूला आटपाडी औंध संस्थानात होती आणि वाटेत दुष्काळी माळ. अशा प्रदेशात कायमचे चित्रपटगृह चालवण्याइतकी रोजची गर्दी नव्हती. गर्दी होती ती जत्रेत. रेणावीचा रेवणसिद्ध, खरसुंडीचा सिद्धनाथ, म्हसवडचा सिद्धनाथ, पालीचा खंडोबा, पुसेगावचे सेवागिरी महाराज अशा यात्रा पिकांच्या आणि बाजाराच्या चक्रात बसलेल्या आहेत. जनावरांचा बाजार, कुस्तीचा फड, तमाशाची बारी आणि पाळणे जिथे लागत, तिथेच फिरता सिनेमाही आला. फाळक्यांनी स्वतः बैलगाडीवर यंत्र घालून गावोगाव खेळ केल्याचे सांगितले जाते. पुढे तंबू घेऊन फिरणाऱ्यांनी हाच रस्ता धरला.

मूकपट पाहणाऱ्यांत वाचता येणारे थोडे होते. १९२१ च्या जनगणनेत देशातील साक्षरता सुमारे सात टक्के होती आणि खेड्यांत ती त्याहून खाली होती. पाट्या पडद्यावर दोन-तीन भाषांत येत आणि बहुतेक प्रेक्षकांना त्या सर्व सारख्याच अनोळखी. म्हणून पडद्याशेजारी एक वाचणारा उभा केला जाई. तो पाटीवरचा मजकूर मोठ्याने वाची, आणि पाटी नसेल तिथे स्वतःच्या पदरचे घाली. पेटी-तबला वाजवणारे युद्धाला एक, विरहाला दुसरी अशी चाल धरीत. १९२७-२८ मध्ये रंगाचारी यांच्या अध्यक्षतेखालील सिनेमॅटोग्राफ समितीने देशभर साक्षी नोंदवल्या, तेव्हा अशिक्षित प्रेक्षक आणि पाट्या समजावून सांगणारे वाचक यांचा विषय तिच्यापुढे आलाच.

वाचणाऱ्याच्या जोडीला तंबूतले लोकही बोलत. एकच यंत्र असल्यामुळे प्रत्येक रीळ संपल्यावर खेळ थांबे. हजार फुटांचे एक रीळ मूकपटाच्या गतीने साधारण पंधरा-सोळा मिनिटे चाले. चार रिळांच्या चित्रपटात तीनदा अंधार आणि तीनदा चर्चा. पुढे काय होणार हे पुराणकथेत सर्वांना माहीत असे. म्हणून चर्चा ‘काय होणार’ याची नसून ‘कसे दाखवतील’ याची होई. वडीलधारी माणसे शेजारच्या पोराला पात्रे ओळखून देत. हनुमंताची शेपटी पेटताना सल्ले दिले जात, खलनायकाला शिव्या मिळत, आवडत्या प्रसंगाला तमाशातल्या दौलतजाद्याप्रमाणे नाणी पडद्याकडे जात. मूकपटाच्या तंबूत शांतता नव्हती, आणि ती कुणाला हवीही नव्हती.

गप्प पडद्याने भीतीही निर्माण केली. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांचा ‘सैरंध्री’ फेब्रुवारी १९२० मध्ये पुण्याच्या आर्यनमध्ये लागला. त्यातील कीचकवधाचे दृश्य इतके हुबेहूब होते की प्रेक्षकांत किंकाळ्या उठल्या आणि काहींना भोवळ आली. अखेर ते दृश्य कापले गेले. याला आणखी एक संदर्भ होता. सांगलीत जन्मलेले कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘कीचकवध’ नाटक १९०७ मध्ये रंगभूमीवर आले होते. त्यातील कीचकात लोकांनी लॉर्ड कर्झन पाहिला आणि सरकारने १९१० मध्ये नाटकावर बंदी घातली. दहा वर्षांनी तोच वध एकाही संवादाशिवाय पडद्यावर आला. बंदी शब्दांवर घालता येते. मुक्या दृश्यात प्रेक्षक मनात कोणते संवाद घालतो यावर ती घालता येत नाही. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटले, तेव्हा त्यांना या सामर्थ्याची कल्पना असावी. पेंटर यांनी चित्रपटाबरोबर कथेची सचित्र पुस्तिका विकण्याची प्रथाही रुजवली. एक वाचणारा घरी पुस्तिका आणी आणि दहा ऐकणारे तयार होऊन खेळाला येत.

मार्च १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आणि फेब्रुवारी १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ आला आणि पडदा बोलू लागला. पडद्याशेजारच्या वाचकाचे काम संपले. बोलपटाला शब्द पुरवणारा सर्वांत समर्थ लेखक याच माणदेशातून आला, हा योगायोग नोंदवण्यासारखा आहे. ग. दि. माडगूळकर यांचा जन्म १९१९ मध्ये आटपाडीजवळच्या शेटफळे येथे झाला. मराठी चित्रपटाची भाषा पुढची तीन-चार दशके त्यांनी घडवली. अॅनिमेशनही बोलपटाच्या वाटेने गेले. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने १९३४ मध्ये ‘जंबू काका’ हे कोल्ह्याचे कार्टून काढले, पण त्या धंद्यात कुणी फार काळ टिकले नाही. एका मिनिटासाठी शेकडो चित्रे रंगवायची आणि ती मुख्य चित्रपटाच्या आधी फुकटात दाखवायची, हे गणित खासगी कंपनीला परवडत नव्हते.

ते सरकारला परवडले. १९४८ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजन सुरू झाले आणि १९५६ मध्ये त्यात कार्टून विभाग निघाला. चित्रपटगृहाच्या परवान्याच्या अटींनुसार प्रत्येक खेळाआधी सरकारी लघुपट दाखवणे बंधनकारक होते, त्यामुळे ज्यांनी आयुष्यात दुसरे अॅनिमेशन पाहिले नाही त्यांनीही हे पाहिले. बहुतेक लघुपटांना निवेदन असे आणि ते अनेक भाषांत तयार करावे लागे. प्रमोद पती यांनी मात्र १९७० च्या सुमारास निवेदन काढूनच टाकले. ‘ट्रिप’ आणि ‘अबिद’ या लघुपटांत जिवंत माणसांचे चित्रण आगकाड्यांप्रमाणेच एकेक चित्र थांबवून केले आहे. ‘अबिद’मध्ये चित्रकार अबिद सुरती भिंती रंगवत असतो आणि रंग त्याच्यासह खोलीभर पसरतात. कुटुंबनियोजन आणि खतांच्या माहितीला सरावलेल्या प्रेक्षकाला असे काही आधी मिळाले नव्हते. सरकारी पैशातून झालेले हे प्रयोग आज दुर्लक्षित आहेत आणि त्यांना हवा तो मान मिळालेला नाही.

जत्रेतला तंबू या सर्व काळात चालूच राहिला. बैलगाडीची जागा ट्रकने घेतली, यंत्र ट्रकमध्येच बसवले गेले, जनरेटर आला. मधोमध कनात लावून एका बाजूला बाया आणि दुसऱ्या बाजूला पुरुष बसत. बसायला पोते किंवा सतरंजी घरूनच आणावी लागे. भोंग्यावरून दिवसभर जाहिरात होई आणि पहाटेपर्यंत खेळ चालत. वर्षातून एकदाच सिनेमा पाहणाऱ्या बाईसाठी जत्रेचा तंबू हीच ती एक संधी होती. नवस फेडायचा, बाजार करायचा आणि रात्री खेळ पाहून सकाळच्या एस.टी.ने घर गाठायचे. रीळ तुटले किंवा आवाज गेला की बोलपटाचा क्षणभर मूकपट होई, आणि लोक शिट्ट्यांबरोबर संवादही पुरवीत. महाराष्ट्रातील या फिरत्या टॉकीजवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला. २०१६ मध्ये कान महोत्सवात त्याचा गौरव झाला. तोपर्यंत फिल्मची रिळे जाऊन तंबूत डिजिटल यंत्रे आली होती, आणि तंबूंची संख्या फारच रोडावली होती.

नव्वदच्या दशकात केबलबरोबर परदेशी कार्टून घरात आली. ‘टॉम अँड जेरी’ १९४० पासूनची. तिच्यात बोलणे जवळजवळ नाहीच. विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव या पट्ट्यातील घरांसाठी याला एक वेगळा अर्थ आहे. दुष्काळाने या भागातील हजारो माणसे सोने-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या धंद्यात देशभर पसरली. तमिळनाडू, केरळ, आंध्र, बंगाल, उत्तर प्रदेश इथे राहणाऱ्या गलाई कुटुंबांतील मुले शाळेत एक, बाजारात दुसरी आणि घरात मराठी अशी तीन भाषांत वाढतात. शब्दाविना चाललेला उंदीर-मांजराचा पाठलाग त्या मुलांना आणि गावी राहिलेल्या त्यांच्या चुलतभावंडांना सारखाच कळतो. सुट्टीत वाड्यावर एकत्र जमल्यावर हसण्याची जागा वेगळी पडत नाही. हीच कार्टून पुढे मोबाइलवर आली तेव्हा मराठी तरुणांनी त्यांवर गावरान बोलीतले संवाद चढवून चित्रफिती फिरवल्या. मांजर कोल्हापुरीत दम देते, उंदीर सातारी तोऱ्यात उत्तर देतो. पडद्याशेजारच्या जुन्या वाचकाने केले तेच हे काम, साधन तेवढे नवे.

शब्द न वापरण्याचा निर्णय हेतुपुरस्सर घेऊन केलेला महाराष्ट्रातील सर्वांत महत्त्वाचा अॅनिमेशनपट म्हणजे गीतांजली राव यांचा २००६ मधील ‘प्रिंटेड रेनबो’. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या राव यांनी पंधरा मिनिटांच्या या चित्रपटाची चित्रे जवळजवळ एकटीने रंगवली. शहरातल्या एका खोलीत एक वृद्ध स्त्री मांजराबरोबर राहते. तिच्याजवळ आगपेट्यांच्या चित्रांचा संग्रह आहे. ती एकेका पेटीवरच्या चित्रात शिरते आणि खोलीच्या करड्या रंगातून रंगीत जगात जाते. फाळक्यांनी पेटीतली काडी उचलली होती. राव यांनी पेटीवरचे चित्र उचलले. कानच्या समीक्षक सप्ताहात या चित्रपटाला लघुपटाचा पुरस्कार मिळाला. फ्रेंच प्रेक्षकाला त्यासाठी भाषांतर लागले नाही. मात्र ज्याने लहानपणी रस्त्यावर आगपेट्यांची रिकामी झाकणे गोळा करून त्यांचे डाव मांडले आहेत, त्याला ती म्हातारी जास्त जवळची वाटते. शब्द नसले तरी चित्रपट सर्वांना सारखाच भेटत नाही. प्रत्येक जण आपल्या आठवणीच्या मापाने त्यात शिरतो.

२०२४ मधील ‘फ्लो’ या लॅटव्हियाच्या चित्रपटातही हे दिसते. गिंट्स झिल्बालोडिस यांच्या या दीड तासाच्या अॅनिमेशनपटात एकही संवाद नाही. माणसे नाहीशी झालेल्या जगात महापूर येतो आणि मांजर, कुत्रा, लेमूर, कॅपिबारा आणि एक पक्षी एका होडीत एकत्र येतात. प्राणी माणसांसारखे बोलत नाहीत, ते प्राण्यांसारखेच वागतात. ब्लेंडर या मोफत संगणक प्रणालीवर केलेल्या या चित्रपटाला २०२५ मध्ये ऑस्कर मिळाले. जगभरच्या प्रेक्षकांत शेवटाचा अर्थ काय यावर वाद झाले, कारण अर्थ सांगणारे पात्रच नव्हते. कृष्णाकाठाने २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये महापूर पाहिला आहे. जनावरे वाचवण्यासाठी दावी कापणारी आणि छपरावर चढलेल्या कुत्र्यापर्यंत होडी नेणारी माणसे या जिल्ह्यात आहेत. त्यांच्यासाठी ‘फ्लो’ ही कल्पनाकथा राहणार नाही. सांगलीपासून विट्यापर्यंतच्या शाळांत हा चित्रपट मुद्दाम दाखवावा, आणि दाखवताना शिक्षकांनी मध्ये थांबून अर्थ सांगू नये. मुले आपण होऊन सांगतील.

मूकपटांच्या काळात भारतात सुमारे तेराशे चित्रपट निघाले असे मानले जाते. त्यांतले तीसएक, तेही बरेचसे अपुरे, आज शिल्लक आहेत. ‘राजा हरिश्चंद्र’ची पहिली आणि शेवटची रिळे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपली आहेत. हे संग्रहालय १९६४ मध्ये सुरू झाले, तोपर्यंत बरेच काही नष्ट झाले होते. नायट्रेटची फिल्म सहज पेट घेई, उरलेल्या फिल्ममधली चांदी काढून ती भंगारात जाई. सोने-चांदी गाळण्याच्या मुलखाला हा व्यवहार समजायला वेळ लागणार नाही. ‘आगकाड्यांची मौज’ची प्रत उरलेली नाही. जत्रेतल्या तंबूंत खेळ पाहिलेली पिढी मात्र खानापूर आणि आटपाडी तालुक्यांत अजून हयात आहे. कनातीच्या कुठल्या बाजूला बसलो, रीळ बदलताना काय बोललो, पडद्याला काय ओरडून सांगितले, हे त्यांना आठवते. विट्यातील शाळा, महाविद्यालये आणि वाचनालयांनी या आठवणी ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात. हे काम याच काही वर्षांत करण्यासारखे आहे.